चित्रपटरसिकांची समाजमाध्यमे आणि कोकण

पाहिलेल्या चित्रपटांची रोजनिशी ठेवणे, गुण देणे, परीक्षण लिहिणे, याद्या करणे आणि इतरांच्या नोंदी वाचणे यासाठी असलेली संकेतस्थळे व अ‍ॅप. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चित्रपटगृहे मोजकीच. काय पाहावे आणि पाहिलेल्यावर कुणाशी बोलावे, हे दोन्ही प्रश्न इथल्या रसिकासाठी बऱ्याच अंशी या माध्यमांनीच सोडवले.

त्यांच्याआधी हे काम फिल्म सोसायट्या करत. कलकत्ता फिल्म सोसायटी १९४७ची, देशभरातील सोसायट्यांचा महासंघ १९५९चा, मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८चे. सभागृह, प्रोजेक्टर, रिळांची ने-आण आणि वर्गणीदार सभासद लागत असल्याने ही चळवळ मुख्यतः शहरांत रुजली. आयएमडीबी या चित्रपटांच्या माहितीच्या संकेतस्थळाची सुरुवात १९९०मध्ये यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरील रसिकांनी जमवलेल्या याद्यांतून झाली. १९९८मध्ये ते अ‍ॅमेझॉनने घेतली. चित्रपटांची रोजनिशी ठेवण्याचे लेटरबॉक्स्ड हे संकेतस्थळ २०११मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे सुरू झाले, कोविडच्या टाळेबंदीत झपाट्याने वाढले आणि २०२३मध्ये त्याचा बहुसंख्य हिस्सा टायनी या कॅनडातील कंपनीकडे गेला. लेटरबॉक्स्डवर अर्ध्या ताऱ्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत गुण देता येतात. आयएमडीबीवर १ ते १०.

मराठी चित्रपट या माध्यमांवर सापडत नाही तेव्हा दोष बहुधा माहितीसाठ्यात असतो. लेटरबॉक्स्ड स्वतःची चित्रपटसूची ठेवत नाही. ती टीएमडीबी या खुल्या साठ्यातून येते आणि तो साठा वापरणारे रसिकच भरतात. म्हणून नवी नोंद तिथे करावी लागते. आधी देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिप्यांत शोधावे; ‘वाडी’चे रोमन स्पेलिंग दोन-तीन प्रकारे होते आणि न शोधता भरले की एकाच चित्रपटाच्या दोन नोंदी होऊन गुण व परीक्षणे विभागली जातात. मूळ शीर्षक देवनागरीत द्यावे, मूळ भाषा मराठी निवडावी (घाईत हिंदी निवडली जाते आणि चित्रपट मराठीच्या यादीतून गळतो), रोमन रूपे पर्यायी शीर्षकांत टाकावीत. पोस्टर २:३ प्रमाणात, किमान ५०० × ७५० पिक्सेल. नोंद लेटरबॉक्स्डवर उमटायला थोडा वेळ जातो. तेवढ्यात पुन्हा भरू नये.

वर्षाचा घोळही नेहमीचा. कोकणात चित्रित झालेला ‘किल्ला’ बर्लिन महोत्सवात २०१४मध्ये दाखवला गेला, महाराष्ट्रात लागला २०१५मध्ये. साठा पहिल्या प्रदर्शनाचे वर्ष धरतो, त्यामुळे २०१५च्या यादीत तो शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मालवणी बोलीतले चित्रपट मराठीतच नोंदले जातात. ते वेगळे काढायचे तर स्वतःच्या रोजनिशीत ‘मालवणी’ अशी खूण लावणे हाच उपाय. कोंकणीची अडचण त्याहून मोठी आहे. टीएमडीबीची भाषायादी भाषांच्या आयएसओ ६३९-१ या आंतरराष्ट्रीय दोन अक्षरी संकेतांवर आधारलेली आहे आणि त्यांत कोंकणीला संकेतच नाही. भाषेची चाळणी इथे कुचकामी ठरते. कोंकणी चित्रपट नावाने शोधावा आणि सापडला की सार्वजनिक यादीत ठेवावा. अशी नेटकी यादी करणारा मोठेच काम करतो.

मराठी चित्रपटांना मते थोडी पडतात, त्यामुळे कलाकारांच्या मित्रमंडळींनी पहिल्या आठवड्यात दिलेले तारेही सरासरी फुगवतात. सरासरीपेक्षा ताऱ्यांचा आलेख पाहावा: दोन्ही टोकांना उंच आणि मध्ये रिकामा आलेख दिसला की परीक्षणे वाचल्याशिवाय मत बनवू नये.

पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-श्रीवर्धन पट्ट्यातली अनेक गावे दीर्घकाळ अंधारात होती. अशा वेळी पाहिलेले वहीत टिपून ठेवावे; नंतर नोंद करताना पाहिल्याची मागची तारीख घालता येते. अधूनमधून सगळी रोजनिशी सीएसव्ही (तक्त्यासारख्या साध्या मजकुराच्या) फायलींत उतरवून घ्यावी, म्हणजे माध्यम बंद पडले तरी ती आपल्याजवळ राहते.

२००४पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात भरतो आणि तळकोकणातून रेल्वेने करमळीला उतरून पणजी गाठता येते. महोत्सवाची यादी जाहीर झाली की रसिक ती लेटरबॉक्स्डवर उतरवतात. इतर महोत्सवांत ते चित्रपट पाहिलेल्यांची मते तिथे आधीच असतात, त्यामुळे दिवसाच्या खेळांची निवड सोपी होते.

व्हॉट्सअ‍ॅप व टेलिग्रामवरच्या गटांत शिफारशींच्या जोडीला चोरीच्या प्रतीही फिरतात. २०२३च्या सुधारित सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार अशा चोरीला तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. गटाने गावात पडदा लावून सार्वजनिक खेळ करायचा असेल, तर ओटीटीचे घरगुती सदस्यत्व चालत नाही. हक्कधारकाची लेखी परवानगी लागते.