छपराचं रबर दमतं तेव्हा

शेव्हरोले कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स गाडीची तिसरी पिढी 1968 साली आली आणि 1982 पर्यंत बनत राहिली. तिचं बाहेरचं अंग फायबरग्लासचं, त्यामुळे ‘ही गाडी गंजत नाही’ असं ऐकू येतं. हे अर्धंच खरं. त्या अंगाखाली पुढच्या काचेची चौकट, दरवाज्यांचे खांब आणि छपराची पुढची आडवी पट्टी यांचा पोलादी सांगाडा असतो. अमेरिकेतले हौशी लोक त्याला ‘बर्डकेज’, म्हणजे पक्ष्याचा पिंजरा म्हणतात. छपराच्या रबरातून झिरपलेलं पाणी खांबांच्या आत उतरतं आणि पोलाद खात राहतं. वरचं फायबर मात्र चकचकीत. साध्या पत्र्याच्या गाडीवर निदान रंगाला फोड तरी येतो, इथे तेवढीही सूचना मिळत नाही.

छपर मुळात एकाच काढत्या तुकड्याचं करायचं ठरलं होतं. पण गाडीचं अंग इतकं पिळवटायचं की मधोमध एक दांडी घालावी लागली. ‘टी’ आकाराच्या अशा छपराचं पेटंट गॉर्डन ब्यूरिग या डिझायनरने 1951 मध्येच घेतलं होतं. दांडी आली आणि एका पॅनेलची दोन झाली. त्याबरोबर रबराच्या कडा वाढल्या, कोपरे वाढले आणि गळायच्या जागाही.

रबरी पट्टी, आपल्या गॅरेजातलं बीडिंग, म्हणजे पाण्यासमोर उभी केलेली भिंत, असा आपला समज असतो. खरं तर ती स्प्रिंग आहे. पॅनेल बसवून लिव्हर फिरवला की ती दबते आणि उलट रेटा देते. हा रेटा असेपर्यंतच फट बंद राहते. कुकरची जुनी रिंग कुठे फाटलेली नसते, तरी वाफ सुटते ना? तोच प्रकार.

रेटा कमी का होतो? रबराच्या लांबलचक रेणूंना गंधकाचे पूल एकमेकांशी बांधून ठेवतात. चार्ल्स गुडइयरने 1844 मध्ये पेटंट घेतलेली प्रक्रिया ती हीच. पट्टी वर्षानुवर्षं दबलेली आणि उन्हात तापलेली राहिली की यातले काही पूल तुटतात आणि दबलेल्या आकारातच नव्याने जुळतात. मग रबराला तो चपटा आकारच आपला वाटू लागतो. प्रयोगशाळेत हे मोजायची एक रीत आहे: तुकडा 25 टक्के दाबायचा, 70 अंश सेल्सिअसला 22 तास ठेवायचा आणि सोडून द्यायचा. 10 मिलिमीटरचा तुकडा 7.5 पर्यंत दाबला आणि सोडल्यावर 9.5 वरच थांबला, तर दाबलेल्या अडीच मिलिमीटरपैकी अर्धा मिलिमीटर कायमचा गेला, म्हणजे 20 टक्के. गाडीत हीच परीक्षा चाळीस-पन्नास वर्षं चालू असते.

दुसरा शत्रू ओझोन. नैसर्गिक रबराच्या साखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात. ओझोन तेच तोडतो, आणि ताणलेल्या जागी ताणाला आडवे तडे पडतात. 1950 च्या आसपास लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा अभ्यास करताना रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी याचाच उपयोग केला. वाकवलेल्या रबराला तडे जायला किती वेळ लागतो, यावरून ते हवेतला ओझोन मोजत. आज मिळणाऱ्या बहुतेक पट्ट्या ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या असतात. त्याच्या मुख्य साखळीत दुहेरी बंध नसल्याने ओझोनचं तिथे फारसं चालत नाही. पण खनिज तेल लागलं की ईपीडीएम फुगतं. म्हणून या पट्ट्यांना व्हॅसलिन किंवा इंजिन ऑइल चोळू नये, सिलिकॉन ग्रीस लावावं. गंजलेले स्क्रू सोडवायला तेल मारायचं ते जुनी पट्टी असतानाच; नवी बसवण्याआधी जागा स्वच्छ पुसलेली हवी.

पाऊस नसला तरी वारा असतोच. ताशी 100 किलोमीटर वेगाला येणाऱ्या हवेचा दाब सुमारे 460 पास्कल भरतो, म्हणजे चौरस मीटरला जवळपास 47 किलोचा भार. छपरावरून जाताना हवा वेग घेते, तिथला दाब पडतो आणि पॅनेल वर ओढलं जातं. वेग दुप्पट केला की ओढ चौपट. दमलेली पट्टी या वर सरकणाऱ्या पॅनेलच्या मागे फुगून येऊ शकत नाही, आणि शिट्टी वाजू लागते.

इथे बहुतेकांचा हात पान्याकडे जातो. स्क्रू आणखी आवळला की गळती थांबेल, हा भ्रम आहे. आवळायला लावलेल्या जोरापैकी ढोबळमानाने निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांत, आणि पकडीसाठी उरतो दहावा हिस्सा. गंजलेल्या आट्यांत तोही उरत नाही. पाना घट्ट लागतो, पट्टी सैलच.

लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून जुना स्क्रू भोकात पाचर ठोकल्यासारखा अडकतो. इतर गाड्यांवर मिस्त्री ज्योत दाखवतो. इथे ते करायचं नाही, शेजारी फायबरग्लासमधलं रेझिन, म्हणजे काचतंतू धरून ठेवणारं प्लास्टिक, आहे आणि ते ज्योतीने जळतं. स्क्रूच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवून फक्त तेवढाच भाग तापवणं बरं. नवे घेताना मापही पाहावं. 1970 च्या दशकातल्या या गाडीत बरेच आटे इंची आहेत. पाव इंची स्क्रूला इंचात 20 आटे, म्हणजे दोन आट्यांत 1.27 मिलिमीटर अंतर. दिसायला जुळा वाटणाऱ्या मेट्रिक मापाच्या एम-6 मध्ये ते 1 मिलिमीटर. जबरदस्तीने घुसवला तर भोकाचे आटे गेले.

सगळे स्क्रू स्टेनलेसचे घ्यायचा मोहही होतो. पण स्टेनलेस ॲल्युमिनियमला टेकलं आणि मध्ये ओल आली की छोटी बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम झिजू लागतं. मध्ये वॉशर किंवा संरक्षक पेस्ट असावी. फटीत सिलिकॉन सीलंट पिळणं तर सगळ्यात वाईट. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतं, आणि ते थेट पोलादावर.

नवी पट्टी चिकटवताना ताणू नये. ताणलेलं रबर हळूहळू आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. किंचित दाबत, लांबी थोडी जास्त वाटेल अशीच बसवावी. हे काम गाडी चाकांवर उभी असताना करावं, कारण जॅकवर चढवली की अंग पिळतं आणि फटींची मापं बदलतात. आधी पॅनेल सैल बसवून जुळवायची, मग स्क्रू आवळायचे. नवं रबर जाड असल्याने सुरुवातीला लिव्हर नेटाने फिरवावा लागतो. काही दिवस पॅनेल बंद ठेवली की ते बसतं.

तपासणीसाठी कागदाची पट्टी पुरते: ती कडेत धरून पॅनेल बंद करायचं आणि ओढायची. जिथे सहज निसटते, तिथे रेटा नाही. मग पाइपने हलकं पाणी सोडायचं, तेही खालून सुरू करून वर जात. वरून सोडलं तर गळती नेमकी कुठली ते कळत नाही. पुढच्या पट्टीशी तरीही ओल आली, तर छपराला दोष देण्याआधी काचेची वरची कड बघावी. तिथलं पाणीही त्याच खांबात उतरतं, आणि ते काम करायला काच काढावी लागते.