सौर वाऱ्यातील भारित कणांचा मापक (रचना व चाचणी)

सूर्याकडून सतत वाहणाऱ्या सुट्या आयन-इलेक्ट्रॉनांच्या विरळ प्रवाहाला सौर वारा म्हणतात. पृथ्वीजवळ त्यात घन सेंटिमीटरमागे सुमारे ५ प्रोटॉन असतात, वेग सेकंदाला साधारण ४०० किमी. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आणि हवा आड येत असल्याने तो सोलापूरच्या गच्चीवर मोजता येत नाही. मापक यानातून न्यावा लागतो. जमिनीवरची चाचणी निर्वात टाकीत, कृत्रिम आयनझोतावर होते. कण पकडणे त्या मानाने सोपे. कण नसलेले सारे बाहेर ठेवणे अवघड.

रुळलेली रचना ‘टॉप-हॅट’ विश्लेषकाची. एकात एक बसवलेल्या दोन धातूच्या अर्धगोल वाट्या, मध्ये अरुंद फट. आतल्या वाटीला ऋण व्होल्टता दिली की ठरावीक ऊर्जेचे धन आयनच फटीतून वळत पार जातात, बाकीचे भिंतीला आदळतात. सरासरी त्रिज्या ४८ मिमी व फट ३ मिमी असेल तर ऊर्जा (प्रति एकक भार) व्होल्टतेच्या ८ पट येते. ४०० किमी वेगाच्या प्रोटॉनची ऊर्जा सुमारे ८४० इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांच्या ऊर्जेचे एकक), म्हणजे १०५ व्होल्ट पुरतात. त्याच वेगाचा अल्फा कण (हीलियमचे केंद्रक) २१० व्होल्टला दिसतो. वारा तापलेला असला की मोजणीच्या आलेखातली ही दोन शिखरे एकमेकांत मिसळतात. म्हणून आदित्य-एल१ (प्रक्षेपण २ सप्टेंबर २०२३) वरील ‘स्विस’ (SWIS, सौर वाऱ्यातील आयनांचा मापक) उपकरणाच्या एका विश्लेषकात चुंबकाचीही जोड आहे.

फट ०.१ मिमीने चुकली तर ऊर्जा ३ टक्क्यांनी आणि वेग ६-७ किमीने चुकीचा येतो. त्यामुळे लेथवर कितीही नेमके काम झाले तरी हा गुणक (वरच्या उदाहरणातला ८) आयनझोतावर मोजूनच ठरवतात.

१०० ते २०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टचा पल्ला, व्होल्टता दहा-दहा टक्क्यांच्या पायऱ्यांनी बदलत, सुमारे ५५ टप्प्यांत उरकतो. व्होल्टता स्थिरावेपर्यंतचे पहिले काही मिलिसेकंद मोजणीत धरत नाहीत.

सर्वांत त्रासदायक सूर्यप्रकाश. १२१.६ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे फोटॉन प्रोटॉनांपेक्षा हजारपटीने जास्त येतात आणि फटीपलीकडच्या कण मोजणाऱ्या शोधकाला तेही कणच वाटतात. उपाय म्हणजे वाट्यांना कॉपर सल्फाइडचा काळा लेप आणि बाहेरच्या वाटीला आतून बारीक खाचा. यान स्वतःही उन्हात काही व्होल्टने धनभारित होते. प्रोटॉनच्या मोजणीला ते जाणवत नाही, पण १० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा पार बदलून दिसते.

फटीतून आलेला कण शोधकाच्या मायक्रोचॅनल प्लेटवर (सूक्ष्म छिद्रांच्या पातळ चकतीवर) आदळतो. एकावर एक ठेवलेल्या दोन प्लेटांना सुमारे २,००० व्होल्ट दिले की एका कणामागे दहा लाखांहून अधिक इलेक्ट्रॉन मिळतात. प्रत्येक स्पंदानंतर १ मायक्रोसेकंद शोधक आंधळा राहत असेल, तर सेकंदाला १ लाख मोजणीत १० टक्के कण निसटतात. ही दुरुस्ती विसरली की घनता कमी भरते.

घाईत नुकसान होते ते बहुधा टाकीतली हवा उपसताना. ३ मिमी फटीत सुमारे २५० पास्कल दाबाला ३३० व्होल्टही ठिणगी पाडतात. दाब ०.०००१ पास्कलखाली जाईपर्यंत उच्च व्होल्टता लावत नाहीत, आणि नंतरही टप्प्याटप्प्याने चढवतात. प्लेटा ओल शोषून वाकतात वा तडकतात, म्हणून त्या कोरड्या नायट्रोजनमध्ये ठेवतात. यंत्रमागांच्या शहरात आणखी एक पथ्य: टॉवेल-चादरींच्या सुताचे तंतू हवेत तरंगतात, आणि फटीत आडवा पडलेला एक तंतूही विद्युतगळतीला वाट देतो. जोडणी स्वच्छ कक्षात, बिनसुती कपड्यांत करतात.