१५ फेऱ्यांच्या १२ कशा झाल्या

व्यावसायिक बॉक्सर ४ फेऱ्यांच्या लढतींपासून सुरुवात करतो, मग ६, ८, १० असे चढत किताबाच्या १२ फेऱ्यांपर्यंत पोहोचतो. ही शेवटची पायरी पूर्वी १५ ची होती. ती का उतरवली, यावर अजूनही भांडणे होतात.

उघड्या मुठींच्या काळात फेरीला वेळ नव्हता. कोणी खाली पडला की फेरी संपे. ३ मिनिटांची फेरी, १ मिनिट विश्रांती आणि ग्लव्हज १८६७ च्या नियमांनी आणले, पण एकूण फेऱ्यांना लगाम नव्हता. १८९३ मध्ये न्यू ऑर्लिन्सची एक लढत ११० फेऱ्या, ७ तासांहून जास्त चालली आणि तरीही निकाल लागला नाही. पुढे किताबाला १५ फेऱ्या असा शिरस्ता पडला.

१३ नोव्हेंबर १९८२ ला लास वेगासमध्ये लाइटवेट किताबाच्या लढतीत कोरियन आव्हानवीर १४ व्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. जागतिक किताब देणाऱ्या संघटनांपैकी एकीने लगेच, १९८३ पासून, १२ फेऱ्या जाहीर केल्या. बाकीच्या मोठ्या संघटना मात्र १९८७-८८ पर्यंत १५ लाच धरून होत्या. सगळ्यांनी कारण दिले ते सुरक्षिततेचे. आता घड्याळ बघा: १५ फेऱ्या म्हणजे ४५ मिनिटे मारामारी आणि १४ मिनिटे विश्रांती, एकूण ५९. बारांचे होतात ४७. बॉक्सरांची ओळख आणि जाहिराती धरून टीव्हीच्या एका तासात यातले कोणते मावते, हे सांगायला नको.

खेळाचा पोत मात्र बदलला. बरगड्यांखाली मारलेले ठोसे लगेच दिसत नाहीत. सातव्या-आठव्या फेरीपासून पाय जड होतात, हात खाली येतात आणि खरी वसुली तेराव्यापासून होते. १९५२ मध्ये फिलाडेल्फियात पंचांच्या तिन्ही गुणपत्रिकांवर मागे असलेल्या आव्हानवीराने १३ व्या फेरीत हेवीवेट किताब जिंकला. आजच्या नियमात तो गुणांवर हरला असता.

फेऱ्यांवर एवढी चर्चा झाली, पण वजनाचा प्रश्न बाजूलाच राहिला. पूर्वी लढतीच्याच दिवशी वजन होई, आता ते आदल्या दिवशी होते. हेतू चांगला होता, शरीराला सावरायला वेळ मिळावा. बॉक्सरांनी तो वेळ आणखी खालच्या वजनगटात उतरायला वापरला. लाइटवेटची मर्यादा ६१.२३ किलो. शेवटच्या आठवड्यात भात-पोळी आणि मीठ तोडतात, कारण स्नायूंत साठलेल्या १ ग्रॅम साखरेसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. शेवटच्या दिवशी पाणी बंद, मग गरम पाण्याची आंघोळ. काटा उतरल्यावर गेलेल्या प्रत्येक किलोमागे दीड लिटर, मीठ घालून, घोट घोट. घाईने ढोसले तर उलटी होते आणि सगळे मुसळ केरात. मेंदूभोवतीचा द्रव वेळेत पूर्ववत होतो का, ही डॉक्टरांची जुनी काळजी.

एका संघटनेने लढतीच्या दिवशी सकाळी दुसरे वजन ठेवले: मर्यादेपेक्षा १० पौंडांहून जास्त भरायचे नाही. अनेक संघटनांचे किताब एकाच लढतीत पणाला लागले की नेमकी हीच अट बऱ्याचदा गुंडाळून ठेवतात.