चाळीस मीटरचा ट्रान्सीव्हर किट: डबा उघडण्याआधी हे वाचा

नमस्कार.

हा किट जुळवला की चाळीस मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या, पट्ट्यावर ऐकणारा आणि बोलणारा रेडिओ (ट्रान्सीव्हर) तयार होतो. घाई केली तर तो एका रविवारी जुळतो. नीट जुळवायला चार रविवार लागतात. आमची मनापासून विनंती आहे, चार रविवार द्या. दुरुस्तीला आलेले बोर्ड आम्ही तपासतो तेव्हा पार्ट खराब निघण्याचे प्रसंग थोडे असतात. बहुतेक वेळा सगळे पार्ट सलग लावून शेवटी एकदाच बॅटरी जोडलेली असते. रेडिओ मुका राहतो आणि शेकडो जोडांपैकी नेमका कुठला चुकला, याचा थांग लागत नाही. म्हणून या पत्रकात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे: एक टप्पा लावा, तो चालतो हे मीटरवर पाहा, मगच पुढच्याला हात घाला.

आधी परवाना

हा किट हौशी रेडिओचा परवाना असलेल्यांसाठीच आहे. परवान्याची प्रत आल्याशिवाय आम्ही तो पाठवत नाही, कारण भारतात परवान्याशिवाय ट्रान्समीटर जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. परीक्षा दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेमार्फत होते आणि वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही ती देता येते. ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीला मोर्स लागत नाही. अभ्यासक्रमात प्राथमिक वीजशास्त्र, रेडिओची तत्त्वे आणि नियम एवढेच असते. दहावीचे विज्ञान पक्के असेल तर जड जात नाही.

परवान्याची वाट पाहणाऱ्यांना आम्ही डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा भार) आणि आरएफ प्रोब (रेडिओ सिग्नलचे व्होल्ट मोजायचे साधन) जुळवायला देतो. ही दोन्ही साधने पुढे लागतातच, आणि डाख देण्याचा हातही त्यांच्यावर बसतो. डमी लोड म्हणजे १ किलोओहमचे, १ वॉटचे २० रेझिस्टर समांतर जोडलेले. ५० ओहम, २० वॉट. दुकानातल्या महाग लोडइतकेच ते या फ्रिक्वेन्सीला उपयोगी पडतात.

सर्किट कुठून आले

या शतकाच्या सुरुवातीला हैदराबादचे अशर फरहान (परवान्यावरची खूण, म्हणजे कॉलसाइन, व्हीयू२ईएसई) यांनी ‘बिटएक्स’ नावाचे सर्किट मांडले. त्याआधी इथल्या बहुतेक हौशी मंडळींची अडचण एकच होती, परदेशी मासिकांतल्या सर्किटचे पार्ट इथे मिळत नसत. फरहान यांनी उलट्या बाजूने विचार केला. भारतातल्या बाजारात जे सहज मिळते त्यातूनच एसएसबी (आवाजाचा एकाच बाजूचा पट्टा पाठवणारा) ट्रान्सीव्हर बसवला. कॉइल गुंडाळायला त्यांनी नळाचे वॉशरसुद्धा वापरले होते. ते सर्किट सगळ्यांसाठी खुले ठेवले आणि जगभर लोकांनी ते बांधले. आमचा किट त्याच घराण्यातला आहे.

त्याची युक्ती समजून घेतली की जोडणी सोपी वाटते. ऐकताना ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल व्हीएफओच्या (फ्रिक्वेन्सी निवडणाऱ्या ऑसिलेटरच्या) साधारण ४.९ मेगाहर्ट्झशी मिसळतो आणि १२ मेगाहर्ट्झवर येतो. तिथे चार क्रिस्टलची चाळणी आहे. ती जेमतेम एका आवाजाच्या रुंदीचा पट्टा आत सोडते आणि शेजारचे बोलणे अडवते. त्यातून बीएफओच्या (स्थिर फ्रिक्वेन्सीच्या दुसऱ्या ऑसिलेटरच्या) मदतीने आवाज बाहेर काढायचा आणि एलएम ३८६ या आवाजाच्या ॲम्प्लिफायर आयसीमधून स्पीकरला द्यायचा. बोलताना हाच रस्ता उलटा चालायचा. तीच चाळणी, तेच मिक्सर. ॲम्प्लिफायर दोन्ही दिशांनी चालणारे. म्हणून पार्ट कमी लागतात, आणि त्याहून मोठा फायदा असा की ऐकू नीट येऊ लागले म्हणजे ट्रान्समीटरचा अर्ध्याहून जास्त भाग आपोआप तपासून झालेला असतो.

चार क्रिस्टल वेगळ्या छोट्या पाकिटात आहेत. एकेक मोजून, ५० हर्ट्झच्या आत जुळणारे चार आम्ही एकत्र ठेवतो. बीएफओचा पाचवा क्रिस्टल वेगळ्या पाकिटात आहे. त्यांची सरमिसळ करू नका. दिसायला सारखेच दिसतात.

वेढे

सर्वांत जास्त फोन येतात ते टोरॉइडच्या, म्हणजे कॉइल गुंडाळायच्या गोल कडीच्या, वेढ्यांबद्दल. तार कडीच्या भोकातून जितक्या वेळा आत जाते तितके वेढे. बाहेरून मोजू नका. तार एकदाच सरळ भोकातून गेली तरी तो एक वेढा झाला. दहाच्या जागी अकरा झाले तर ७ मेगाहर्ट्झचा बँडपास फिल्टर (हवा तोच पट्टा आत सोडणारा) खाली सरकतो आणि रेडिओ ‘बहिरा’ वाटतो.

मिक्सरच्या ट्रान्सफॉर्मरला तीन तारा एकत्र पिळून गुंडाळायच्या आहेत. यासाठी लाल, हिरवी आणि तपकिरी अशी तीन रंगांची इनॅमल तार दिली आहे. एकाच रंगाची तार देणे आम्हाला स्वस्त पडले असते, पण मग कुठले टोक कुणाचे हे शोधण्यात संध्याकाळ जाते. तिन्ही तारांची टोके दाराच्या कडीला बांधा, दुसरी टोके हँडड्रिलच्या चकमध्ये धरा आणि हलकेच फिरवा. दर सेंटिमीटरला साधारण तीन पीळ पुरे. फार आवळले तर इनॅमल सोलते.

गुंडाळून झाले की टोकांवरचे इनॅमल ब्लेडने खरवडा. चारही बाजूंनी तांबे चकाकले पाहिजे. मग कथिलाचा पातळ थर चढवा. इथेच फसगत होते: वरून डाख छान गोल दिसतो, आत इनॅमल तसेच असते आणि जोड बसलेलाच नसतो. बोर्डावर लावण्याआधी मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवून लाल ते लाल, हिरवा ते हिरवा, तपकिरी ते तपकिरी असा आवाज येतो का पाहा. मग लाल ते हिरवा आवाज येत नाही ना, तेही पाहा. हे एक मिनिटाचे काम आहे.

डाखाबद्दल थोडेसे. २५ वॉटची सोल्डरिंगची इस्त्री, बारीक टोक, ६०/४० चे कथिल. आधी पाय आणि पॅड दोन्ही तापवा, मग कथिल जोडाला लावा. इस्त्रीच्या टोकावर थेंब घेऊन तो जोडावर सोडू नका, तो ड्राय सोल्डर होतो. आज चालतो, थंडीत बंद पडतो.

पहिल्यांदा बॅटरी जोडताना

यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी या रेडिओला उत्तम. जोडताना तिच्या पॉझिटिव्हला मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॉटचा दिवा सिरीजमध्ये घाला. बोर्डावर कुठे शॉर्ट असेल तर दिवा झगझगीत पेटतो आणि बोर्ड वाचतो. सगळे ठीक असेल तर दिवा पेटत नाही; आमच्या बोर्डाला ऐकण्याच्या स्थितीत १५० मिलिअँपच्या आसपास करंट लागतो आणि तेवढ्याने त्याची तार लालही होत नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा गाडीच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात हा दिवा मिळतो. तो कायम टेबलावर ठेवा.

आधी फक्त आवाजाचा टप्पा लावा. व्हॉल्यूमच्या मधल्या पायाला स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावले की स्पीकरमधून गुरगुर आली पाहिजे. आली की बीएफओ, मग चाळणी आणि तिच्या दोन्ही बाजूंचे ॲम्प्लिफायर, मग मिक्सर, मग व्हीएफओ, असे स्पीकरकडून अँटेनाकडे सरका. प्रत्येक टप्प्याला कुठे किती व्होल्ट हवेत याचा तक्ता बोर्डाच्या नकाशामागे आहे. तुमचे आकडे त्याच्या शेजारी पेन्सिलने लिहीत जा.

शेवटी अँटेना म्हणून खिडकीबाहेर पाच-सहा मीटर तार सोडा आणि सकाळी साडेसातच्या सुमारास ७.०५० ते ७.२०० मेगाहर्ट्झ हळूहळू फिरा. कुणीतरी बोलत असेल, पण आवाज बदकासारखा किंवा घोगरा येईल. बीएफओचा ट्रिमर प्लास्टिकच्या टोकाने केसभर फिरवा, पुन्हा ट्यून करा, पुन्हा केसभर. एका जागी तो आवाज अचानक माणसाचा होतो. कोण बोलतेय, वयस्क आहे की तरुण, हे कळते. स्वतः गुंडाळलेल्या वेढ्यांतून परक्या गावचा माणूस बोलतो तेव्हा काय वाटते, ते तुम्ही अनुभवाल. आम्ही कित्येक बोर्ड चालू केले, अजूनही तो क्षण आला की हातातले काम थांबते.

आयआरएफ ५१०

इथे मात्र सावकाश. अँटेनाला शेवटची पॉवर देणाऱ्या या ट्रान्झिस्टरचा धातूचा पाठीकडचा भाग त्याच्या ड्रेन नावाच्या पायाला, म्हणजे थेट १२ व्होल्टच्या वाटेला जोडलेला असतो. हीटसिंक आणि तो यांच्यामध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लास्टिकचा बूच हवाच. आमच्या पहिल्या नमुना बोर्डावर हे सगळे लावले होते, तरीही हीटसिंकच्या भोकाला राहिलेली ड्रिलची बारीक कीस चकतीतून आरपार गेली. तेव्हा तारेत फ्यूज नव्हता. बॅटरीने बोर्डावरची तांब्याची पट्टी जाळून टाकली. तेव्हापासून किटमध्ये २ अँपचा फ्यूज आणि पॉलिश पेपरचा तुकडा घालतो. भोकाची कड घासा, बोट फिरवून पाहा, मग चकती ठेवा.

या टप्प्याची १२ व्होल्टची तार मुद्दाम वेगळी ठेवली आहे. तिच्यात मल्टिमीटर अँपवर लावा, दिवाही राहू द्या. अँटेनाच्या जागी डमी लोड. बायसचा प्रीसेट (ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट ठरवणारा, फिरवायचा छोटा रेझिस्टर) पूर्ण उलटा फिरवून ठेवा. माइकचा आवाज बंद, पीटीटी (बोलताना दाबायचे बटण) दाबा. आता प्रीसेट अगदी हळू सुलटा फिरवा. बराच वेळ काहीच होणार नाही, मग काटा एकदम उचलेल. ८० मिलिअँपला थांबा. या ट्रान्झिस्टरला साधारण २ ते ४ व्होल्टच्या दरम्यान कुठेतरी जाग येते, आणि प्रत्येक नग वेगळा असतो. त्यामुळे मित्राच्या प्रीसेटची जागा तुमच्या कामाची नाही.

आता दिवा काढा आणि माइकमध्ये लांब ‘आऽऽ’ म्हणा. डमी लोडवर आरएफ प्रोबने २२ व्होल्टच्या आसपास शिखर दिसले तर ५ वॉट निघत आहेत.

तार टांगताना

५ वॉट ऐकून नाराज होऊ नका. १०० वॉटच्या सेटपेक्षा तुमचा सिग्नल १३ डेसिबलने कमी, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल मीटरवर साधारण दोन एस-युनिट (त्या मीटरवरचे घर) खाली. त्याला एस-९ ऐवजी एस-७ दिसेल, आणि एस-७ वर आरामात गप्पा होतात. मात्र अँटेना वाईट असेल तर याच्या दुप्पट तोटा सहज होतो. पैसे आणि वेळ तिथे घाला.

साधा डायपोल (मधोमध केबल जोडलेल्या दोन सारख्या तारा) पुरेसा. १४३ ला मेगाहर्ट्झने भागले की एकूण लांबी मीटरमध्ये मिळते, ७.१ साठी २०.१४, म्हणजे प्रत्येक बाजू १० मीटर ७ सेंटिमीटर. कापताना साडेदहा मीटर कापा. मग मोजा. समजा एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा, कमी तितका चांगला) ६.८ मेगाहर्ट्झला सर्वांत कमी आला, तर १०.५ गुणिले ६.८ भागिले ७.१, म्हणजे १०.०६ मीटर. प्रत्येक बाजूची ४४ सेंटिमीटर तार कमी करायची. लगेच कापू नका; मागे दुमडून पिळा, पुन्हा मोजा.

गच्चीच्या टाकीवर मधले टोक आणि दोन्ही हात कठड्याकडे उतरते, अशी उलटी ‘व्ही’ बहुतेक सोसायट्यांत बसते. सेक्रेटरींना आधी विचारा, परवाना दाखवा. फार उंची मिळाली नाही तरी हळहळू नका: या बँडला सात-आठ मीटरवरची तार सिग्नल बराचसा वरच्या दिशेने पाठवते. तो आयनमंडलावरून परतून तीन-चारशे किलोमीटरच्या परिघात पावसासारखा पडतो, मधले डोंगर आड येत नाहीत. पुण्याहून सोलापूर, नाशिक, कोल्हापूर अशी ठिकाणे सकाळी आणि दुपार उतरल्यावर चांगली लागतात. भर दुपारी सिग्नल खालच्या थरात जिरतात. अंधार पडल्यावर जवळचे नाहीसे होतात आणि लांबचे येऊ लागतात. हे रेडिओ बिघडल्याचे लक्षण नाही.

वळवाचे ढग दिसले की कोॲक्स (अँटेनाची केबल) सेटमधून काढून खिडकीबाहेर ठेवा. खूप खरखर असेल तर बॅटरीवर सेट चालू ठेवून घरचा मेन स्विच मिनिटभर बंद करा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे: एलईडी दिवा, चार्जर किंवा इन्व्हर्टर.

हवेत जाताना

आधी ऐका. फ्रिक्वेन्सी रिकामी वाटली तरी दोनदा विचारा आणि मगच सीक्यू (‘कुणीही उत्तर द्या’ अशी हाक) द्या. कमी वॉटवर सीक्यू देत बसण्यापेक्षा, कुणी सीक्यू देत असेल त्याला उत्तर देणे जास्त फळते. कॉलसाइन सावकाश, फोनेटिकमध्ये (प्रत्येक अक्षरासाठी ठरलेला शब्द उच्चारून). माइक तोंडापासून चार बोटे लांब, नेहमीच्या आवाजात. ओरडून पॉवर वाढत नाही, आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्यांना त्रास होतो. मराठीत खुशाल बोला. धंद्याचे बोलणे आणि गाणी वाजवणे मात्र नियमात बसत नाही. प्रत्येक संपर्काची वेळ, फ्रिक्वेन्सी आणि रिपोर्ट वहीत लिहा.

अडलात तर

फोन सायंकाळी ६ ते ८ या वेळेत करा. आधी तक्त्याशेजारचे तुमचे पेन्सिलचे आकडे समोर ठेवा. निम्मे प्रश्न त्यावरूनच सुटतात. बोर्ड पाठवायचा झाल्यास पार्ट उपटू नका, आहे तसा पाठवा. बॅटरी पाठवू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून कडक खोक्यात ठेवा आणि आकड्यांचा कागद सोबत घाला. जोड चुकला असेल तर दुरुस्तीचे पैसे घेत नाही, परतीचे टपाल तेवढे तुमचे. बोर्ड परत येईल तेव्हा चुकलेल्या जोडाभोवती लाल शाईचा गोल असेल.