औषधांना न जुमानणारे जंतू आणि ओव्याचं फूल

काष्ठौषधींच्या दुकानात 'ओव्याचं फूल' म्हणून पांढरे, उग्र वासाचे खडे मिळतात. ते पुदिन्याचं फूल आणि कापूर यांच्यासोबत बाटलीत घातले की तिन्ही कोरडे पदार्थ आपोआप पातळ होतात. बऱ्याच घरांत ठेवलेली अमृतधारा ती हीच. रसायनशास्त्रात या खड्यांना थायमॉल म्हणतात. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंवर सुगंधी तेलांचे जे प्रयोग सध्या चालतात, त्यात हे नाव वारंवार भेटतं. त्याचा इतिहास मात्र प्रतिजैविकांच्याही आधीचा आहे.

थाईम या सुगंधी वनस्पतीच्या तेलातून हा पदार्थ १७१९ मध्ये जर्मन रसायनज्ञ कास्पार नॉयमान यांनी वेगळा केला. पुढे ओवा हा त्याचा मोठा स्रोत ठरला. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि थायमॉल तिकडे तयार होई. माल आपला, कारखाना त्यांचा! युद्धाने ही वाट बंद केली.

तेलं जंतू मारतात, हे तोवर प्रयोगशाळेत दिसून चुकलं होतं. रॉबर्ट कॉख यांनी १८८१ मध्ये अँथ्रॅक्सच्या जंतूंवर टर्पेंटाइन तपासलं. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी १८८७ मध्ये त्याच जंतूवर बरीच सुगंधी तेलं वापरून पाहिली. थायमॉल असलेलं लिस्टरीन हे गुळण्यांचं औषध १८७९ सालचं.

अडचण पोटात घेण्याची होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात अंकुशकृमींवर थायमॉल देत, पण सोबत रेचक म्हणून एप्सम मीठ. औषध चालू असताना तेलकट पदार्थ आणि दारू वर्ज्य असे, कारण त्यांच्यामुळे थायमॉल रक्तात जास्त उतरून रोग्यालाच विषबाधा व्हायची. १९४० च्या दशकात पेनिसिलीन आलं आणि ही तेलं दंतमंजन, बाम, गुळण्यांचं औषध एवढ्यापुरती उरली.

त्यांना परत बोलावलं ते जंतूंनीच. पेनिसिलीन गटातलं मेथिसिलीन १९५९ मध्ये वापरात आलं आणि १९६१ मध्ये ब्रिटनमधून त्यालाही न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूची, म्हणजे एमआरएसएची, नोंद झाली. पेनिसिलीन गटातली औषधं ज्या प्रथिनाला चिकटून जंतूची भिंत बांधू देत नाहीत, त्याचं काम एमआरएसए वेगळ्याच प्रथिनाकडून करून घेतो. थायमॉल आणि त्याच्याच जातकुळीतलं कार्व्हाक्रॉल यांचा मारा भिंतीच्या आतल्या पटलावर असतो. पटल गळू लागतं, पोटॅशियम बाहेर पडतं आणि जंतूची ऊर्जाव्यवस्था कोलमडते. त्यामुळे मेथिसिलीनविरुद्धची युक्ती इथे कामाची नाही.

सर्वांत पद्धतशीर काम झालं ऑस्ट्रेलियात, टी ट्री या तिथल्या झाडाच्या तेलावर. सिडनीच्या आर्थर पेनफोल्ड यांनी १९२० च्या दशकातच ते फिनॉल या जुन्या जंतुनाशकापेक्षा कितीतरी प्रभावी असल्याचं दाखवलं होतं. १९९५ मध्ये कार्सन, रायली आणि सहकाऱ्यांनी एमआरएसएचे ६४ नमुने तपासले. सगळ्यांची वाढ या तेलाने रोखली, तीही पाव टक्क्याच्या आसपासच्या प्रमाणात.

ही चाचणी दिसते तितकी सरळ नाही. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून दोन्ही एकजीव करणारा ट्वीनसारखा पदार्थ घालावा लागतो. तेल भिजवलेली कागदी चकती बशीत ठेवली, तर थोडं आगरमध्ये, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीत, मुरतं आणि थोडं उडून जातं. मग जंतुमुक्त वर्तुळ किती मिलिमीटरचं आलं, यावरून दोन तेलांची तुलना करणं माझ्या मते फारसं भरवशाचं नाही. तरी कित्येक शोधनिबंध तिथेच थांबतात.

माणसांवरच्या मोठ्या चाचण्या थोड्याच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश चाचणीत अंगावर एमआरएसए वागवणारे २२४ रुग्ण होते. नाकातले जंतू घालवण्यात म्युपिरोसिन हे प्रतिजैविक मलम ७८ टक्के यशस्वी ठरलं, टी ट्री मलम ४७ टक्के. त्वचेवर मात्र टी ट्री तिथे वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या औषधांपेक्षा सरस ठरलं.

स्यूडोमोनाससारखे ग्रॅम-निगेटिव्ह जंतू याहून चिवट. त्यांना बाहेरून आणखी एक आवरण असतं, शिवाय आत शिरलेलं तेल बाहेर फेकणारे पंपही. हेच पंप प्रतिजैविकंही बाहेर टाकतात.

आणि प्रत्येक घाण्याचं तेल सारखं नसतं. टी ट्रीसाठी १९९६ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने टर्पिनेन-४-ऑल हा त्यातला मुख्य घटक किमान ३० टक्के हवा, असं ठरवून दिलं. ओव्याच्या तेलातलं थायमॉल वाण, जमीन आणि तेल काढण्याची रीत यांनुसार बरंच कमीजास्त होतं. म्हणून 'ओव्याच्या तेलाने जंतू मेले' असं वाचलं की मी आधी त्यात थायमॉल किती होतं तो आकडा शोधतो.