शाळानिवड (नाशिक)

मुलाची शाळा पालकांनी ठरवावी आणि सरकारी पैसा त्या मुलामागे जावा, या धोरणाला शाळानिवड म्हणतात. महाराष्ट्रात ती मुख्यतः शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १२(१)(क) मधून आली. खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना द्यायच्या आणि शुल्काची प्रतिपूर्ती शासनाने करायची, अशी ही तरतूद. नाशिककर तिला, कायद्याच्या इंग्रजी नावाच्या (राइट टू एज्युकेशन) लघुरूपावरून, नुसते ‘आरटीई’ म्हणतात. ‘नंबर लागला का?’ एवढे विचारले की पुढचे कळते.

नंबर सोडतीने लागतो. अर्ज भरताना नकाशावर घराची खूण करावी लागते. घराजवळची शाळा आधी, मग थोडी लांबची. म्हणजे निवड पालकाची असली, तरी तिची हद्द पत्ता ठरवतो. फुलेनगरच्या भाड्याच्या खोलीवरून गंगापूर रोडची शाळा सहसा मिळत नाही. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख, म्हणजे महिना ८,३३३ रुपये. सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगारालाही एवढ्यात बसवायचे म्हणजे उत्पन्नाच्या दाखल्याची कसरत आली. प्रवेश मिळाला तरी व्हॅनचे भाडे घरातूनच जाते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने, १ किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना या २५ टक्के जागांच्या अटीतून सूट दिली. नाशिकसारख्या दाट शहरात त्यातून फारशा शाळा उरल्या नसत्या. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. या विभागाच्या योजनेतून आदिवासी मुलांना नामांकित निवासी इंग्रजी शाळांत पाठवले जाते. ही निवड मात्र घरापासून लांब नेणारी.

महापालिका व जिल्हा परिषदेच्या शाळांवरचा परिणाम ‘पट’ (शाळेची विद्यार्थीसंख्या) या एका शब्दात सापडतो. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या ६१ मुलांमागे ३ शिक्षक, ६० मुलांमागे २. एक मूल इंग्रजी शाळेत गेले की एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो आणि दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या. ते पाहून आणखी पालक शाळा सोडल्याचा दाखला काढतात. सारी ओहोटी आरटीईमुळे आहे असे नाही. पदरचे शुल्क भरून इंग्रजी माध्यमाकडे जाणारेही खूप आहेत. स्मार्ट सिटी योजनेतून महापालिका शाळांत डिजिटल वर्ग आले, गणवेश-पुस्तके आणि दुपारचा आहार आधीपासूनच फुकट. तरीही उन्हाळ्यात गुरुजी आणि बाई पट भरायला वस्तीत घरोघर फिरतात, आणि ३० सप्टेंबरची मोजणी होईपर्यंत त्यांना पुढच्या वर्षी आपण इथेच असू का याची खात्री नसते.