गाडी वाहून नेणारा ट्रेलर घेताना: कोकणातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ट्रेलरची चौकशी करायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "आमची गाडी एवढं वजन ओढेल ना?" ओढण्याची चिंता फारशी नको, आजच्या डिझेल गाड्या ते काम नीट करतात. कोकणात परीक्षा होते ती उतारावर. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे चढताना फार तर वेग कमी होईल, इंजिन तापेल, बाजूला घेऊन थांबता येईल. परतीच्या वाटेवर मात्र मागचं दोन टन वजन तुम्हाला खाली ढकलत असतं. शिवाय समुद्राची खारी हवा बाराही महिने लोखंड खात असते. उतार आणि खार, या दोन गोष्टी समोर ठेवून आम्ही ट्रेलर सुचवतो. किंमत आणि रंगरूप त्यानंतर.

ट्रेलर कोणाला लागतो, हेही थोडं सांगतो. गॅरेजवाल्यांना तर लागतोच. जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर दुरुस्त करून जपणारे आहेत, डोंगरात जीप चालवण्याची हौस असणारे आहेत. ऑटोमॅटिक, फोर बाय फोर आणि इलेक्ट्रिक गाड्या बंद पडल्या की दोरी बांधून, चाकं रस्त्यावर फिरवत नेणं गिअरबॉक्सला किंवा मोटरला महागात पडतं. त्या उचलूनच न्याव्या लागतात. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्यांचं हेच होतं. अशी गाडी चावी न फिरवता, जशी आहे तशी उचलून नेणं हाच शहाणपणा असतो.

आधी वजन

वजनाचा अंदाज डोळ्यांनी करू नका. स्विफ्टसारखी गाडी रिकामी असताना 900 किलोच्या आसपास भरते, जिप्सी हजाराच्या आसपास, थार सुमारे 1700, इनोव्हा क्रिस्टा 1800 च्या पुढे. यात ट्रेलरचं स्वतःचं वजन धरायचं. लोखंडी दोन एक्सलचा ट्रेलर साधारण 500 ते 800 किलोचा असतो. म्हणजे थार चढवली की मागे 2200 ते 2500 किलो झाले. डिकीत टूलकिट, जादा टायर, डिझेलचा कॅन ठेवला असेल तर तोही धरा. हा आकडा तुमच्या ओढणाऱ्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहायचा. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेलीच नसेल तर आमचा साधा नियम असा: मागचं एकूण वजन पुढच्या गाडीच्या वजनापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही. घाट रोजचा असेल तर त्याहूनही बरंच कमी ठेवायचं. या नियमामुळे आमची काही गिऱ्हाइकं परत गेली आहेत. तरी नियम तोच आहे.

ब्रेक

पत्रकातला हा भाग घाई न करता वाचा.

युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असणं सक्तीचं आहे. गाडी वाहणारा कुठलाही ट्रेलर भरल्यावर त्या मर्यादेच्या वर जातो, म्हणून बिनब्रेकचा कार-ट्रेलर आम्ही बनवून देत नाही. ब्रेकचे दोन प्रकार आहेत. पहिला धक्क्यावर चालणारा, त्याला ओव्हररन म्हणतात. पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे सरकतो, कपलरमधला, म्हणजे ट्रेलरच्या हुकाला जोडायच्या तोंडातला, दांडा आत दाबला जातो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात. वायर नको, कंट्रोलर नको, कुठल्याही गाडीला जोडता येतो. दुसरा इलेक्ट्रिक. ड्रममध्ये चुंबक असतात, ड्रायव्हरच्या हाताशी छोटा कंट्रोलर असतो आणि ट्रेलरचा ब्रेक किती लागावा ते बसल्या जागी ठरवता येतं.

लांब उतारावर ओव्हररनची एक अडचण आहे. इंजिनावर गाडी उतरवताना ट्रेलर सतत पुढे ढकलत राहतो, म्हणून त्याचे ब्रेक घाटभर थोडे थोडे लागलेलेच राहतात आणि ड्रम तापत जातात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटरवर आहे. सावंतवाडीकडे उतरताना त्यातली बहुतेक उंची एका घाटात संपते आणि तिची सगळी उष्णता कुठेतरी जायला हवी. इलेक्ट्रिक ब्रेक तुम्ही सोडाल तेव्हा सुटतो, मध्ये गार होतो. शिवाय ट्रेलर डुलायला लागला तर फक्त ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावून त्याला सरळ करता येतं. म्हणून कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली यांतला कुठलाही घाट तुमच्या नेहमीच्या वाटेवर असेल तर इलेक्ट्रिक घ्या, असं आम्ही ठामपणे सांगतो. दापोली-गुहागर किंवा मालवण-वेंगुर्ला अशा किनाऱ्यालगतच्या वापराला ओव्हररन चांगला चालतो. फक्त त्यात रिव्हर्सला ब्रेक आपोआप मोकळा होण्याची सोय आहे ना, ते पाहा. ती नसेल तर चढाच्या पाखाडीवरून अंगणात ट्रेलर मागे घेताना ब्रेक लागून बसतो आणि क्लचचा वास यायला लागतो.

प्रकार कोणताही असो, ब्रेकअवे वायर हवीच. ट्रेलर हुकातून सुटलाच तर ती ताणली जाऊन ब्रेक लावते. तिची गाठ गाडीच्या पक्क्या भागाला मारायची, बॉलला, म्हणजे हुकाच्या गोल टोकाला, अडकवायची नाही.

ओढणाऱ्या गाडीचं ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. डॉट-3 चं ताजं ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं 140 च्या आसपासही उकळू शकतं. तसं झालं की पेडल थेट तळाला जातं. घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाका, मध्येच गिअर शोधू नका. जळका वास आला तर रुंद जागा बघून थांबा आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका.

गंज

रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि उरलेले महिने खारं वारं. नुसता प्रायमर आणि ऑइलपेंट मारलेला सांगाडा बाहेरून छान दिसतो. गंज आतून लागतो, चौकोनी पाइपच्या पोटात, जिथे ब्रश पोचत नाही. म्हणून आम्ही पूर्ण वेल्डिंग झालेला सांगाडा वितळलेल्या जस्तात बुडवून घेतो. ती जस्ताची टाकी साधारण 450 अंशांवर असते. जाड लोखंडावर 85 मायक्रॉनच्या आसपास थर बसतो आणि तो पाइपच्या आतही बसतो. त्यासाठी प्रत्येक पाइपला हवा आणि जस्त जायला-यायला भोकं ठेवावी लागतात. बंद पाइप टाकीत गेला तर आतली हवा आणि ओल तापून तो फुटतो, माणसं जखमी होतात. हीच भोकं पुढे पावसाचं पाणी निथळायला उपयोगी पडतात. ती एमसील लावून बुजवू नका. ग्राहक हौसेने बुजवतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एकदा जस्त चढल्यावर त्यावर वेल्डिंग किंवा ड्रिलिंग करायचं नाही. विंचचा (बंद गाडी दोराने वर ओढणाऱ्या यंत्राचा) पाया, जादा टायरची जागा, कड्या, जे काही हवं असेल ते ऑर्डर देतानाच सांगा. ॲल्युमिनियमचे ट्रेलर हलके असतात, पण महाग असतात. खाऱ्या हवेत लोखंडी बोल्टाला टेकलेलं ॲल्युमिनियम तिथेच खचायला लागतं. किनाऱ्यासाठी जस्ताचा थर दिलेलं लोखंड आम्हाला जास्त भरवशाचं वाटतं.

मांडणी, एक्सल, टायर

पूर्ण चेकर प्लेटच्या (उठावदार नक्षीच्या लोखंडी पत्र्याच्या) तळापेक्षा चाकांपुरते दोन पट्टे आणि मध्ये मोकळं, ही मांडणी आम्हाला आवडते. वजन कमी होतं, पाणी साचत नाही, गाडीखाली हात घालून पट्टे बांधता येतात. हलक्या गाडीला एक एक्सल पुरतो आणि असा ट्रेलर वाडीत दोन माणसं हाताने फिरवू शकतात. हजार किलोच्या पुढच्या गाडीला दोन एक्सल घ्या. एक टायर फुटला तरी ट्रेलर सांभाळतो आणि हायवेवर कमी डुलतो.

टायरच्या बाजूला लोड इंडेक्स लिहिलेला असतो. 91 म्हणजे एका टायरला 615 किलो, 100 म्हणजे 800 किलो. भरलेल्या ट्रेलरचं वजन भागिले टायरची संख्या, त्यावर चांगली मोकळीक ठेवा. गॅरेजमधले जुने कार-टायर बसवू नका. बाजूला शेवटी चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ट्रेलर वापरापेक्षा उन्हातच जास्त उभा असतो, त्यामुळे नक्षी नवीकोरी आणि बाजूला भेगा असे टायर आम्ही वारंवार पाहतो.

रॅम्पची लांबी गाडी बघून ठरते. तळ जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर आणि रॅम्प दीड मीटरचा असेल तर चढ जवळपास 24 अंशांचा होतो. सेडानचा पुढचा बंपर तिथे घासणारच. तोच रॅम्प 2.4 मीटरचा केला तर चढ साडेचौदा अंशांवर येतो.

बंद गाडी चढवायला विंच लागतो. त्याची क्षमता गाडीच्या वजनाच्या दीडपट घ्या, कारण लिहिलेली ताकद ड्रमवर दोराचा शेवटचा थर उरलेला असताना मिळते, वरच्या थरांवर ती कमी होते. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही, मुलांना तर अंगणातूनच दूर ठेवा.

गाडी कुठे उभी करायची, कशी बांधायची

हुकावर एकूण वजनाचा साधारण 7 ते 10 टक्के भार यायला हवा. कमी पडला तर ट्रेलर डुलतो, फार झाला तर ओढणाऱ्या गाडीची पुढची चाकं हलकी होऊन स्टीअरिंग सैल लागतं. आपल्या बहुतेक गाड्यांचं इंजिन पुढे असतं, म्हणून गाडी सरळ चढवून थोडी पुढे-मागे केली की जमतं. नॅनोचं इंजिन मागे आहे, ती उलटी चढवावी लागते. एकदा जागा जमली की तळावर रंगाची खूण करून ठेवा. भार मोजायला घरातला वजनकाटा लाकडी ठोकळ्यावर ठेवून त्यावर कपलर टेकवा. काट्याची मर्यादा आणि हुकावर लिहिलेली मर्यादा, दोन्ही आधी बघा.

पट्टे चार, चारही चाकांवरून बांधायचे. चेसिसला बांधलं तर खड्ड्यात गाडीचं सस्पेन्शन दबतं, पट्टा सैल पडतो आणि हुक निसटतो. चाक बांधलं की गाडी तिच्या स्प्रिंगवर हलत राहते, पट्टा मात्र ताठ राहतो. 50 मिलीमीटर रुंदीचा रॅचेट पट्टा घ्या, निळ्या लेबलचा. निळं लेबल म्हणजे पॉलिस्टर, ते भिजल्यावर नायलॉनसारखं ताणत नाही. लेबलावरचा एलसीचा आकडा सुरक्षित ताणाचा असतो, तुटण्याचा आकडा वेगळा आणि मोठा असतो. दुकानदार मोठाच सांगतो. हँडब्रेक, पहिला गिअर, चाकांना गुटके, आणि निघाल्यावर दहाएक किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळा.

आपला कपलर 50 मिलीमीटरच्या बॉलचा असतो. बाहेरून मागवलेल्या काही हुकांवर 47.6 मिलीमीटरचा बॉल येतो. तो बसल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उसळून निघतो. दोन साखळ्या दांड्याखाली एकमेकींवरून तिरक्या घ्या, म्हणजे कपलर सुटला तरी त्यांच्या झोळीत पडतो.

दिव्यांचं कनेक्शन सात पिनांचं. पिवळी वायर डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, तपकिरी आणि काळी टेल लाइट, पांढरी अर्थिंग. एक इंडिकेटर लावल्यावर सगळेच दिवे मंद लुकलुकले तर आधी पांढरी वायर तपासा, बहुतेक वेळा तिथेच गंज सापडतो.

कागदपत्रं

ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन आहे. त्याची स्वतंत्र नोंदणी होते आणि त्याचा नंबर त्याच्या बाजूवर लागतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 61 प्रमाणे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसावा लागतो. ट्रेलर कोणाकडूनही घ्या, पण विक्रीचा फॉर्म 21 आणि उत्पादकाचा फॉर्म 22 हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. त्यांच्याशिवाय आरटीओत काम अडतं. विमा कंपनीला ट्रेलर जोडणार असल्याचं लेखी कळवा.

फेरीबोट आणि पावसाळा

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीने जाणार असाल तर ओहोटीची वेळ टाळा. पाणी उतरलं की बोटीच्या फळीचा चढ वाढतो आणि ट्रेलरचं शेपूट घासतं. लांबीही आधी सांगून ठेवा.

जूनआधी बेअरिंग उघडून पाणी न धरणारं ग्रीस भरून घ्या. पाटे आणि ब्रेकचे ड्रम समुद्राजवळच्या प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा. पाण्याखाली गेलेल्या मोरीवरून ट्रेलर नेला असेल तर त्याच आठवड्यात बेअरिंग दाखवायला या. दूध-कॉफीसारखं पांढरट झालेलं ग्रीस म्हणजे आत पाणी शिरलं आहे.

चौकशीला येताना ओढणाऱ्या गाडीचं आरसी आणि मॅन्युअल, हुकाचा जवळून काढलेला फोटो, आणि जी गाडी वाहायची तिची लांबी-रुंदी घेऊन या. घरापर्यंतच्या रस्त्याचं सगळ्यात अरुंद वळणही मोजून आणलंत तर उत्तम. जस्ताच्या टाकीला सांगाडा बाहेरगावी जातो, त्यामुळे गणपतीपूर्वी ट्रेलर हवा असेल तर मे महिन्यातच ऑर्डर द्या.